मागाहून वाचायचं पत्र

रविवारची आराधना सुटून सगळे घरी आले तेव्हा साडेबारा वाजले होते. रूपाली सरळ स्वयंपाकघराकडे वळली, पण सासऱ्यांनी तिला थांबवलं. "भाकऱ्या मागून टाक. आधी बसा सगळे," देवदान म्हणाले आणि कपाटातून निळी फाइल घेऊन आले.

गुरुवारी कलबुर्गीला त्यांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. तीन नळ्या बंद होत्या. एकाहत्तराव्या वर्षी छाती उघडायची म्हणजे काहीही होऊ शकतं, असं डॉक्टरांनी शांतकुमारला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मुलाच्या तोंडाकडे बघूनच देवदानांना ते कळलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते तयारीला लागले. कबरस्तानात आईच्या शेजारची जागा त्यांनी कमिटीकडून मंजूर करून घेतली. पेटीचं माप सुताराला दिलं. कोणती गीतं गायची, उपदेश किती लांब असावा, बाहेरगावच्या पाहुण्यांना जेवायला कुठं बसवायचं, हे सगळं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं. हुमनाबादच्या ख्रिस्ती वस्तीत या तयारीचं कौतुक होतं. मरणाला न भिणारा माणूस, असं लोक म्हणत.

त्या दिवशी पास्तरांनी उपदेशही त्यावरच केला होता. "कलबुर्गीला जायचं तर आपण बस किती वाजता आहे ते विचारतो," ते म्हणाले, "डबा घेतो, पाण्याची बाटली घेतो. दोन तासांच्या रस्त्याची एवढी तयारी. मग जिथून परत यायचं नाही, तिथली तयारी आपण किती केली?" मंडळीतल्या अर्ध्या लोकांनी वळून देवदानांकडे पाहिलं होतं.

शांतकुमार फाइल मोठ्याने वाचू लागला. तो इथल्याच शाळेत शिक्षक होता आणि मंडळीचा सेक्रेटरी, त्यामुळे असे कागद वाचायची त्याला सवय होती. चार मुद्दे झाले. पाचव्याशी तो अडखळला.

"पाच. माती देण्याआधी पास्तरांनी सोबतचं पाकीट उघडून त्यातलं पत्र सगळ्यांसमोर वाचावं." त्याने फाइल उलटवली. मागे डिंकाने चिकटवलेलं जाड पाकीट होतं. "यात काय आहे, अप्पा?"

"मागून कळंल."

सोजराबाई उठल्या आणि आत गेल्या. पाणी पिऊन लगेच परत येणाऱ्यातल्या त्या होत्या, पण आल्या नाहीत. रूपालीच्या ते लक्षात आलं. या घरात येऊन तिला आठ वर्षं झाली होती, आणि सासूबाई ज्या गोष्टीवरून उठून जातात ती गोष्ट साधी नसते हे तिला माहीत होतं.

"काय लिहिलंय ते न बघता मी मंडळीपुढं काही वाचू देणार न्हाई," शांतकुमार म्हणाला. "सेक्रेटरी म्हणून सांगायलोय."

"मग फोड."

एवढ्या सहज परवानगी मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने पाकीट फोडलं आणि मनात वाचायला सुरुवात केली. पत्र एकाच पानाचं होतं. सत्त्याण्णवच्या डिसेंबरात कमठाण्याजवळ संध्याकाळी माझ्या जीपखाली एक शेतकरी गेला. जीप मी चालवत होतो. माझा धाकटा भाऊ ग्यानबा मागच्या सीटवर होता. त्याने गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतला आणि दीड वर्ष जेल भोगली. त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. मी गप्प राहिलो. देव मला क्षमा करो आणि तुम्हीही करा.

शांतकुमारने पत्र रूपालीकडे दिलं. त्याला गाडी शिकतानाचे दिवस आठवत होते. आजी म्हणायची, काकासारखी चालवू नको बाबा, एक जीव गेला तेवढा बस झाला. आत्या म्हणायच्या. शेजारीपाजारी म्हणायचे. आणि प्रत्येक वेळी अप्पा तिथंच कुठंतरी बसलेले असायचे, पेपर वाचत.

"आईला ठाव हाय?" त्याने विचारलं.

सोजराबाईंनी दारातून उत्तर दिलं. "ग्यानबाचे पाय मीच धरले व्हते. तुझ्या आजीनं सांगितलं आन मी धरले. तू तीन वर्षांचा, तुझी बहीण पोटात. हे जेलात गेले असते तर आमी कुठं जायाचं? ग्यानबाच्या मागं कोणी नव्हतं. लायसन त्याच्याकडं पण व्हतं."

"त्याच्या मागं कोणी नव्हतं, आणि पुढंही कोणी आलं नाही," रूपाली म्हणाली. सासूसमोर ती असं कधी बोलली नव्हती. सोजराबाईंनी मान खाली घातली.

शांतकुमारने पत्राची घडी घातली. "हे वाचलं जाणार न्हाई. तुम्ही पेटीत असणार, अप्पा. आम्ही बाकावर. पत्र संपल्यावर लोक कोणाकडं बघतील? शाळेतल्या पोरांना मी काय सांगू? आणि इतकी वर्षं गप्प बसलात, तर अजून गप्प बसा."

"माझ्या जिवाचा सवाल हाय," देवदान म्हणाले. "हे पोटात घेऊन मी वर कसा जाऊ?"

"आणि आम्ही खाली कसे राहू?"

सोजराबाई मुलाच्या बाजूने झाल्या. झाकलेलं कशाला उघडायचं, पोलिसात गेलं तर, असं त्या पुटपुटल्या. आतापर्यंत नवऱ्याच्या शेजारी उभी असलेली रूपाली मात्र सासऱ्यांसमोर येऊन बसली.

"मामा, हे पत्र लिहिताना काकांना विचारलं होतं का?"

देवदान बराच वेळ फाइलच्या दोरीची गाठ चाचपत राहिले. "न्हाई," ते म्हणाले.

ग्यानबाचं पंक्चरचं दुकान हायवेवर होतं, पुण्याकडून येणाऱ्या लॉऱ्या जिथं चहाला थांबतात तिथं. रूपालीने फोन केला तेव्हा तो एका ट्रेलरचा टायर उतरवत होता. ते काम संपवून तीनच्या सुमाराला तो आला आणि नेहमीप्रमाणे दाराजवळच्या स्टुलावर बसला. कितीही हात धुतले तरी त्याच्या बोटांच्या पेरांत काळं राहायचं. या घरात तो नेहमी दाराजवळच का बसतो, हा प्रश्न शांतकुमारला आज पहिल्यांदा पडला. त्याने उठून स्वतःची खुर्ची काकाला दिली. ग्यानबाने ती घेतली नाही.

पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने ते सावकाश वाचलं, मागची बाजू कोरी आहे ना ते पाहिलं आणि परत दिलं.

"अक्षर चांगलं हाय," तो म्हणाला.

"ग्यानबा, मला खरं सांगून जायचंय," देवदान म्हणाले.

"कोणाला?"

"सगळ्यांना. मंडळीला. देवाला."

"देवाला ठावच हाय, अण्णा. त्याला पत्र कामून? आन मंडळी काय करंल? रडंल. म्हणंल, बघा, शेवटी कसा खरं बोलला. तू पेटीत निजलेला. तुला कोण विचारणार? मग लोक माझ्याकडं येतील. अरे अरे, बिचारा ग्यानबा, म्हणतील. मला ते नको हाय."

"तुझं नाव साफ व्हावं म्हणून—"

"माझं नाव टायरवाला ग्यानबा हाय. गिऱ्हाइकाला तेवढं पुरतं." तो शांतपणे बोलत होता. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकणं जास्त अवघड जात होतं. "जेलातून सुटलो त्या साली तुझ्यावर लई राग व्हता. वैनीवर पण. मग गेला. कधी गेला ते ध्यानात न्हाई. आता तुला वर जायाचंय म्हणून तू ते सगळं परत उकरणार, आन तू जाणार. मागं मी राहणार."

सोजराबाईंना वाटलं, ग्यानबाही आपल्याच बाजूचा आहे. "मग फाडून टाकू का?" त्यांनी हात पुढे केला.

"फाडा, वैनी. पण माझं बोलून झालं न्हाई अजून." ग्यानबाने भावाकडे पाहिलं. "सांगायचंच असंल तर जिला ठाव न्हाई तिला सांग. ती कमठाण्यात हाय. तू जित्ता असताना सांग, म्हणजे तिला काय बोलायचंय ते ती बोलंल."

मेलेल्या शेतकऱ्याची बायको चंद्रभागाबाई अजून त्याच घरात राहत होती, हे सगळ्यांना माहीत होतं. जेलमधून सुटल्यापासून ग्यानबा दर पौषात चार दिवस दुकान बंद ठेवून तिच्या तुरीच्या राशीला, मळणीला, जायचा, हेही माहीत होतं. वस्तीत म्हणत, केलेलं पाप फेडतोय. देवदानांनी स्वतः ते वाक्य ऐकलं होतं आणि मान हलवली होती.

आता त्यांना स्वतःच्या तयारीकडे बघवेना. जागा, पेटी, गीतं, पत्र. प्रत्येक गोष्ट अशी बसवली होती की प्रश्न विचारायची वेळ येईल तेव्हा ते खोलीत नसतील. याला आपण अनंतकाळाची तयारी म्हणत होतो, असं त्यांच्या मनात आलं. छातीत दुखत होतं, पण ते रोजचंच होतं.

"उद्या नेशील का?" त्यांनी शांतकुमारला विचारलं.

शांतकुमारने काकाकडे पाहिलं. "नेतो," तो म्हणाला.

"मी पण येते," सोजराबाई म्हणाल्या.

सोमवारी अकराच्या सुमाराला ते कमठाण्याला पोचले. चंद्रभागाबाई अंगणात सुपाने तूर पाखडत बसल्या होत्या. साठीच्या आसपासची सडसडीत बाई, कपाळावर गोंदण. ग्यानबाला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"अवंदा उशीर केलास. रास उरकली बघ. माणसं लावून घेतली." मग मागून उतरणाऱ्या तिघांकडे त्यांचं लक्ष गेलं. "हे कोण?"

"माझा थोरला भाऊ. वैनी. पुतण्या."

"या, बसा. घोंगडं टाक रे ग्यानबा, तुला ठाव हाय कुठं हाय ते."

ग्यानबा आत जाऊन घोंगडं घेऊन आला. देवदान बसले नाहीत. बसलो तर बोलणं होणार नाही, असं त्यांना वाटलं. गाडीत त्यांनी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"अक्का, तुमच्या मालकाला ग्यानबानं न्हाई उडवलं. जीप मी चालवत व्हतो. हा मागं बसला व्हता."

चंद्रभागाबाईंनी ग्यानबाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"खरं हाय?"

"व्हय," ग्यानबा म्हणाला.

त्यांनी सूप उचललं आणि परत पाखडू लागल्या. चार-पाच वेळा पाखडून झालं. फोलपटं उडून सोजराबाईंच्या पदरावर पडली.

"पहिल्या साली तू आलास तवा मी तुला दगड मारला व्हता," शेवटी चंद्रभागाबाई ग्यानबाला म्हणाल्या. "भुवईवर लागला. रगत आलं. तू पुसलास आन पेंढ्या उचलायला लागलास. ते रगत ह्याच्या वाट्याचं व्हतं तर."

ग्यानबाचा हात भुवईकडे गेला.

"सात वर्षं मी तुला भाकर वाढली न्हाई. आठव्या साली वाढली. त्या दिवशी दार लावून रडले, कारण माझ्या मालकाला मारणाऱ्याला मी माफ केलं व्हतं. आता हा सांगतोय की तो तू न्हाईसच. मग मी माफ केलं ते कोणाला?"

"मला सांगता आलं न्हाई, अक्का."

"तोंड व्हतं की तुला. दर साली येऊन जेवायलास." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला, आणि तो ग्यानबावर चढला. देवदानांना हे अपेक्षित नव्हतं. ते शिव्या खायला आले होते, आणि त्याही भावाच्या वाट्याला जात होत्या.

सोजराबाई पुढे झाल्या. "त्याला बोलू नका. मी पाय धरले व्हते त्याचे. मला लहान लेकरू व्हतं."

"मला पण व्हतं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "दोन वर्षांचं."

सोजराबाई जिथं होत्या तिथंच खाली बसल्या.

"अक्का, गुरुवारी माझं काळजाचं ऑपरेशन हाय," देवदान म्हणाले. "वाचंन का न्हाई ठाव न्हाई. मला माफ करा."

"गुरुवार तुझा हाय. माझा न्हाई. ग्यानबाला मला सात वर्षं लागली. तुला तीन दिवसांत कुठनं देऊ?"

देवदानांनी मान हलवली. निघावं, असं त्यांना वाटलं. पण अजून एक गोष्ट होती. ती पत्रातही नव्हती, कारण ती त्यांनी स्वतःलाही नीट सांगितली नव्हती.

"तुमचे मालक लगेच गेले न्हाईत," ते म्हणाले.

चंद्रभागाबाईंचे हात थांबले. "ग्यानबा म्हणतो, जागीच गेले."

"ग्यानबा मदतीला रोडवर पळाला व्हता. मी एकटा व्हतो. डोकं मांडीवर घेतलं. दहा-पंधरा मिनटं जित्ते व्हते. तुमचं नाव घेतले. चंद्रभागेला सांगा म्हणले, बैल आंब्याखाली बांधल्यात, सोडायचे राहिल्यात. पाणी दाखवायचंय. दोनदा म्हणले. मी सांगतो म्हणलो." देवदानांनी ओठावरून हात फिरवला. "सांगितलं तर मी तिथं कसा व्हतो ते सांगावं लागलं असतं. म्हणून न्हाई सांगितलं."

उन्हात तुरीचे दाणे चमकत होते आणि एक कोंबडी कडेकडेने टिपत आली होती. तिला कोणी हाकललं नाही.

"दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले बैल," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "दाव्याला हिसके मारून माना सोलून घेतल्या व्हत्या. मी म्हणले, ह्या माणसाला रानातून निघताना पण घरदार, जनावर, कशाची याद आली न्हाई." त्या थांबल्या. "परत सांग. काय म्हणले?"

देवदानांनी परत सांगितलं. मग तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा चंद्रभागाबाईंनी मध्येच विचारलं, आवाज कसा होता, दुखत होतं का, आणि देवदानांनी खरं ते सांगितलं. शांतकुमार अंगणाच्या कडेला उभा होता. आपल्या वडिलांना त्याने मंडळीत शेकडो वेळा बोलताना ऐकलं होतं. असा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता.

"माझा शिवराज पुण्याला कंपनीत हाय," चंद्रभागाबाई उठत म्हणाल्या. "उगादीच्या सणाला येतो. बापाचा एक शब्द त्याच्या कानावर न्हाई. हे त्याला मी न्हाई सांगणार. तू सांग. त्यासाठी तुला जितं राहावं लागंल."

"माझ्या हातात न्हाई, अक्का."

"माझ्या पण न्हाई. पण तू ये."

त्यांनी ग्यानबाला जेवून जा म्हटलं नाही. इतरांनाही नाही. ग्यानबाने घोंगड्याची घडी करून आत ठेवली आणि सगळे निघाले. परतीच्या वाटेवर ग्यानबा पुढच्या सीटवर बसला होता. चिटगुप्पा फाट्याशी शांतकुमारने गाडी बाजूला घेतली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि म्हणाला, "काका, मी तुमच्याबद्दल लई वर्षं वाईट बोललोय. पोरांसमोरही."

"ठाव हाय," ग्यानबा म्हणाला. "चल आता. दुकान उघडायचंय."

गुरुवारी पहाटे पास्तर कलबुर्गीच्या दवाखान्यात आले. देवदानांच्या छातीवरचे केस काढून हिरवा गाऊन घातला होता. पास्तरांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना सुरू केली, की प्रभू, तुझा दास तयार आहे, त्याचा दिवा पेटलेला आहे, तू बोलावशील तेव्हा...

"पास्तर," देवदानांनी थांबवलं. "तयार न्हाई मी. परत येण्यासाठी प्रार्थना करा."

पास्तर गोंधळले. त्यांनी शांतकुमारकडे पाहिलं. शांतकुमारने मान डोलावली, आणि पास्तरांनी नव्याने सुरुवात केली.

ऑपरेशन साडेपाच तास चाललं. दुसऱ्या दिवशी ताप आला, तो आठवडाभर राहिला. देवदान अठराव्या दिवशी घरी आले. मंडळीत त्यांनी काही सांगितलं नाही आणि शांतकुमारने विचारलं नाही. पत्राचं काय झालं ते फक्त सोजराबाईंना ठाऊक होतं.

उगादीच्या दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ बसने कमठाण्याला गेले. शिवराज तीस वर्षांचा, जाडसर, हातात मोबाईल घेऊन ओट्यावर बसला होता. आईने त्याला किती सांगितलं होतं हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. देवदान यावेळी बसले, कारण त्यांना उभं राहवत नव्हतं. त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. जीप कुठून निघाली, ऊन कुठं होतं, डोळ्यांवर किरण कसा आला, डोकं मांडीवर घेतलं तेव्हा शिवराजच्या बापाच्या अंगातला शर्ट कोणत्या रंगाचा होता. मग बैलांचं सांगितलं.

शिवराजने सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही, रडलाही नाही. त्याने मोबाईल बाजूला ठेवला आणि आईकडे वळला.

"आपल्याकडं बैल व्हते?"

"व्हते की," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "राजा आन पवळ्या. तू पवळ्याच्या पाठीवर बसायचास. तुझा बाप धरायचा."

माफीचं त्या दिवशी कोणी काढलं नाही. चंद्रभागाबाई राजा-पवळ्याचं सांगत राहिल्या. कुठल्या बाजारातून आणले, कोण मारका होता, कोण गरीब, त्यांना पाण्यावर कोणत्या वाटेने न्यायचे. जेवायची वेळ झाली तशा त्या उठल्या, आणि आत जाता जाता ग्यानबाला म्हणाल्या, "पाट मांड. चार."